निघता निघता

आमच्या साताऱ्याच्या घरी पाहुणा संध्याकाळी सातला "चला, निघतो" म्हणाला की साधारण साडेआठला निघायचा. त्याच्या त्या पहिल्या "निघतो"ला कुणी फारशी किंमत देत नसे. आई म्हणायची, "बसा हो, चहा टाकलाय." चहा होई. बाईमाणूस असेल तर हळदीकुंकू होई, पोराच्या हातावर लाडू पडे. मग पाहुणा उठून उंबऱ्यापर्यंत जाई, एका पायात चप्पल सरकवे, आणि नेमका तेव्हाच त्याला कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नाचा विषय आठवे. एक पाय चपलेत, एक पाय अनवाणी, अशी वीस मिनिटं. मग अंगण. मग फाटक. जे सांगायला तो एवढ्या लांबून आलेला असे, ते बहुतेक वेळा फाटकाशी निघे. आणि सगळ्यात शेवटी "येतो." जातो म्हणायचं नाही. चुकून कुणाच्या तोंडून गेलंच तर आत्या तिथल्या तिथे दुरुस्त करायची, "जातो काय मेल्या, येतो म्हण."

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तिसऱ्या भागाबद्दल, म्हणजे 'द रिटर्न ऑफ द किंग'बद्दल, लोकांची एक ठरलेली तक्रार आहे. चित्रपट संपतो, मग पुन्हा संपतो, मग आणखी एकदा संपतो. ही तक्रार ऐकली की मला आमचं फाटक आठवतं. पण हे आत्ताचं शहाणपण झालं. 2004 मध्ये मी स्वतःच त्या तक्रारखोरांत होतो, आणि माझा गुन्हा त्यांच्यापेक्षा मोठा होता. मी शेवट पाहिलाच नव्हता.

तेव्हा मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो. चित्रपट 3 तास 21 मिनिटांचा, त्यात मध्यंतर, त्यात जाहिराती. होस्टेलचं गेट साडेदहाला बंद व्हायचं आणि रेक्टरांचा स्वभाव मॉर्डोरकडे, म्हणजे चित्रपटातल्या दुष्टांच्या मुलखाकडे, झुकणारा होता. पडद्यावर ती दुष्ट अंगठी एकदाची लाव्हारसात पडली, शत्रूचा मनोरा कोसळला, ती तिथवर आणणारे फ्रोडो आणि सॅम एका खडकावर पडून राहिले आणि पडदा काळा झाला. टाळ्या. मागच्या रांगा उठल्या. तेवढ्यात गरुड आले. रांगा बसल्या. पडदा पांढरा झाला. पुन्हा उठल्या. फ्रोडो पलंगावर जागा झाला, एकेक मित्र दारातून आत आला, सगळे हसले. पुन्हा बसल्या. मग राज्याभिषेक: नवा राजा ॲरागॉर्न फ्रोडो, सॅम आणि त्यांचे दोन मित्र अशा त्या चार बुटक्या हॉबिटांना म्हणतो की तुम्ही कुणापुढेही वाकायचं नाही, आणि अख्खी राजधानी त्यांच्यापुढे गुडघे टेकते. माझ्या घशात आवंढा आला. शेजारच्या मित्राने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "संपला रे, चल." आम्ही पळत सुटलो. गेट मिळालं.

पुढे वर्षभर मी भेटेल त्याला सांगत होतो की काय शेवट आहे, सगळं राज्य चार साध्या माणसांपुढे वाकतं, यापुढे काय दाखवणार! ऐकणारे माना डोलवायचे. त्यांच्यातलेही निम्मे बसला पळाले असणार. दरम्यान 29 फेब्रुवारी 2004 ला त्याला 11 ऑस्कर मिळाले, म्हणजे जेवढी नामांकनं होती तेवढी सगळी. एकही अभिनयासाठी नव्हतं, याचं मला आजही थोडं वाईट वाटतं. माझ्या दृष्टीने विषय तिथे मिटला होता.

तो उघडला आतेभावाने. दादा न्यू जर्सीला नोकरीला होता आणि 2005 च्या जानेवारीत तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आला. बॅगेतून बदाम, चॉकलेटं, आत्यासाठी ब्लड प्रेशरचं यंत्र निघालं आणि शेवटी माझ्या हातात त्याने एक जाड खोका ठेवला. जुन्या कातडी बांधणीच्या पोथीसारखा दिसणारा, आत चार डिस्क. वाढीव आवृत्ती. अमेरिकेत ती 14 डिसेंबरला, म्हणजे जेमतेम महिन्यापूर्वी आली होती. चित्रपट 251 मिनिटांचा, दोन डिस्कवर कापलेला, आणि उरलेल्या दोन डिस्कवर तो कसा केला याची गोष्ट. चित्रपटातल्या राजधानीची, मिनास तिरिथची, छोटी मूर्ती असलेला संचही मिळत होता, पण मामीच्या प्रेशर कुकरच्या रिंगांनी बॅग भरली होती, असं तो म्हणाला. आमच्या घरात त्या वर्षी अंगठ्यांची कमी नव्हती.

खोका आला खरा, पण घरच्या प्लेअरने डिस्क घेतली, थोडा घुरघुरला आणि पडद्यावर लिहून मोकळा झाला की प्रदेश चुकीचा आहे. डीव्हीडीवाल्यांनी तेव्हा जगाच्या वाटण्या केल्या होत्या. अमेरिका एक नंबर, भारत पाच नंबर, आणि एका प्रदेशातली डिस्क दुसऱ्यात चालू नये असं कुलूप. शेवटी माझ्या कॉम्प्युटरकडे वळलो. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला प्रदेश बदलता येतो, पण पाचदाच. मग तो कायमचा तिथला नागरिक होतो. मी एक संधी खर्च केली. त्या रात्री आमच्या माजघरातला एक डबा कागदोपत्री अमेरिकेत गेला.

सतरा इंची मॉनिटर, त्यासमोर दादा, मी, बाबा आणि अर्धवट आई. आत्या "मला काय कळतंय" म्हणून तांदूळ निवडत मागे बसली होती.

बाबांना पऱ्या, बुटके, जादूगार यांच्याशी कर्तव्य नव्हतं. ते गडांवर फिरणारे. मिनास तिरिथ दिसल्यावर मात्र ते खुर्ची ओढून पुढे आले. डोंगराला बिलगलेलं, सात तटांचं, पांढऱ्या दगडाचं शहर. "माची चांगली आहे," असं प्रमाणपत्र मिळालं. मग वेढा पडला, लांडग्याच्या तोंडाचा तो अजस्र ठोकळा महादरवाजाकडे ओढत आणला गेला, आणि बाबा वैतागले. "दरवाजा सरळ मैदानाकडे? अरे, गोमुख कुठे आहे?" महाराजांच्या गडांचा दरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत वळवून लपवलेला असतो. समोरून धावत येऊन धडक मारायला हत्तीला जागाच मिळत नाही. रायगडाच्या महादरवाजापुढे उभं राहिलं की हे कुणालाही कळतं. पुढे पडद्यावर खरोखर हत्ती आले, चार चार सुळ्यांचे, तेव्हा बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तो तट बांधला होता.

त्यांना बरं वाटावं म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्या डिस्कवरचं गडाचं काम दाखवलं. लांबून दिसणारं शहर म्हणजे वेलिंग्टनच्या कार्यशाळेत हाताने केलेली प्रतिकृती. जवळून दिसणाऱ्या गल्ल्या वेलिंग्टनबाहेरच्या एका दगडखाणीत उभ्या केलेल्या. त्याच खाणीत आधी दुसऱ्या भागातला हेल्म्स डीपचा किल्ला होता. तो पाडला आणि त्याच जागी हे शहर बांधलं. लढाईचं मैदान दक्षिण बेटावर, ट्वायझल गावाजवळ. घोडेस्वार न्यूझीलंडभरातून आपापले घोडे घेऊन आलेले, आणि त्यांत बऱ्याच बायका, दाढ्या चिकटवलेल्या. हे ऐकून आत्याने तांदळातून डोकं वर काढलं. "कुठंय? परत दाखव." परत दाखवलं. तिला त्या दाढ्यांतून एकही बाई ओळखता आली नाही, पण तेव्हापासून ती खुर्चीवर बसायला लागली.

वाढीव आवृत्तीचं वाढीव सगळंच चांगलं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. लोक त्यावर श्रद्धेने बोलतात, तसं नाही. मेलेल्यांच्या गुहेत कवट्यांचा धबधबा कोसळतो, तो बालिश आहे. गंमत म्हणजे जमिनीवरच्या कवट्यांचा एक तुकडा दिग्दर्शक पीटर जॅक्सनने ऑस्कर घेऊन आल्यावर, मार्च 2004 मध्ये चित्रित केला. बक्षीस मिळालेल्या चित्रपटाचं चित्रीकरण चालूच! आमच्या शेजारचे काका घराची वास्तुशांत झाल्यावर सहा वर्षं गिलावा करत होते, त्यातला हा माणूस. ॲरागॉर्नचे साथीदार लेगोलस आणि गिमली यांची दारू पिण्याची पैज, तीही नसती तरी चाललं असतं. आणि काळ्या फाटकापाशी शत्रूचा दूत बोलायला येतो तर ॲरागॉर्न त्याचं मुंडकंच उडवतो. इथे आत्या ताडकन म्हणाली, "दूताला मारला? रावणानंसुद्धा मारुतीला मारला नाही रे. शेपूट पेटवली फक्त." याला आजवर कुणी मला उत्तर दिलेलं नाही. आपला राजा होऊ घातलेला माणूस त्या एका घावात रावणाच्या खाली उतरतो, आणि चित्रगृहात हा प्रसंग नव्हता हे बरंच होतं.

पण जखमींच्या घरातला प्रसंग, जिथे एओविन आणि फारामिर खिडकीशी एकमेकांना भेटतात, तो कापणाऱ्याला काय म्हणावं? लढाईत सगळं गमावलेली दोन माणसं काहीही न करता शेजारी उभी राहतात. चित्रगृहातल्या आवृत्तीत ती दोघं राज्याभिषेकात एकदम शेजारी उभी दिसतात, आणि मला तेव्हा वाटलं होतं की गर्दीत चुकून जवळ आली असावीत.

आणि सारुमान. दोन भाग ज्याने गाजवले तो खलनायक चित्रगृहातल्या तिसऱ्या भागात नुसताच नाहीसा होतो. त्याच्या मरणाचा प्रसंग चित्रित झाला होता, पण कापला. सारुमान झालेले क्रिस्टोफर ली इतके दुखावले की प्रीमियरला गेले नाहीत. त्या सगळ्या नटांमध्ये मूळ पुस्तकाच्या लेखकाला, टॉल्किनला, प्रत्यक्ष भेटलेले ते एकटे. डिस्कवर तो प्रसंग परत आला आहे: मनोऱ्याच्या टोकावर उभा सारुमान, मागून त्याच्याच नोकराने खुपसलेला सुरा. जॅक्सन सांगतो, की सुरा लागल्यावर कसं ओरडायचं हे तो लींना समजावायला लागला, तेव्हा त्यांनी विचारलं, पाठीत सुरा बसल्यावर माणूस कसा आवाज करतो तुला माहीत आहे का? मला माहीत आहे. ली दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाच्या गुप्तवार्ता विभागात होते. जॅक्सनने पुढे विचारलं नाही. आवाज फारसा नाहीच, नुसता श्वास निघून जातो.

पुस्तकात सारुमान मरतो तो हॉबिटांच्या मुलखात, शायरमध्ये, फ्रोडोच्याच घराच्या दारात. हॉबिट घरी येतात तर गावात झाडं तोडलेली, गुंडांचं राज्य. त्यांना आपल्याच गावासाठी पुन्हा लढावं लागतं. चित्रपटाने ते पूर्ण वगळलं. पुस्तकवाल्यांचा हा जुना राग आहे, आणि इथे मी जॅक्सनच्या बाजूचा आहे. त्याच्या शायरमध्ये काहीही बदललेलं नाही. हिरव्या टेकड्या तशाच, गोल दारं तशीच, दार झाडणारा शेजारी तसाच खवट तोंडाने बघतो. चौघं मित्र गुत्त्यात जाऊन बसतात. भोवती गलका आहे, आणि तो कशाचा, तर कुणीतरी भला थोरला भोपळा आणला आहे त्याचा. या चौघांकडे कुणी वळूनही बघत नाही. ते एकमेकांकडे बघतात, पेले उचलतात, काही बोलत नाहीत.

इथे दादाने स्पेसबार दाबला. चित्र थांबलं.

"पहिल्यांदा आलो होतो ना दोन वर्षांनी," तो म्हणाला, "पोवई नाक्यावर सगळे भेटले. कधी आलास? आत्ताच. किती दिवस आहेस? तीन आठवडे. बास. मग उसाच्या दरावर बोलायला लागले." आणि हसून त्याने पुन्हा स्पेसबार दाबला.

मी त्याच्याकडे पाहिलं नाही, कारण मी वेगळ्याच धक्क्यात होतो. हा प्रसंग मी पाहिलाच नव्हता. राज्याभिषेकानंतर एवढं शिल्लक आहे हे मला त्या क्षणी कळत होतं. सॅमचं लग्न आलं. फ्रोडो टेबलाशी बसून लिहिताना आला, खांद्यावर हात दाबत, चार वर्षं झाली तरी जखम बरी होत नाही म्हणत. मग बंदर. पांढरं जहाज. फ्रोडो तिघांना मिठी मारतो, सॅमच्या कपाळावर ओठ टेकवतो, वर चढतो आणि एकदाच मागे वळून हसतो. गेट गाठायच्या नादात मी हे सोडून पळालो होतो. वर्षभर ज्याला शेवट म्हणून मिरवत होतो तो एका पायात चप्पल घालण्यापर्यंतचाच भाग होता.

चौथ्या डिस्कवर या बंदराची गोष्ट आहे. तो निरोप त्यांना तीनदा घ्यावा लागला. पहिल्या दिवशी सगळे पोटभर रडले, आणि नंतर लक्षात आलं की जेवणाच्या सुट्टीनंतर सॅम झालेला शॉन ॲस्टिन आपलं जाकीट घालायला विसरला होता. पुन्हा केलं, पुन्हा रडले. फिल्म धुऊन आली तर फोकस गेलेला. तिसऱ्यांदा केलं. चौघं नट सांगताना हसतात, पण तीनदा कोरडं होऊन तीनदा रडणं ही चेष्टा नव्हे. त्यानंतर सॅम घरी येतो तेव्हा त्याच्याकडे धावत येणारी चिमुरडी ॲस्टिनची खरीखुरी मुलगी आहे, आणि तिला उचलल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते बहुधा एकदाच मिळालं असणार.

त्याच डिस्कवर एक मुलगा आहे, कॅमेरन डंकन. न्यूझीलंडचा, सॉफ्टबॉल खेळणारा, छोटे चित्रपट करणारा. हाडाचा कॅन्सर. जॅक्सन आणि त्याची सहलेखिका फ्रॅन वॉल्श यांच्याशी त्याची ओळख झाली. तो गेला नोव्हेंबर 2003 मध्ये, सतराव्या वर्षी. चित्रपट जगासमोर येण्याच्या काही आठवडे आधी. श्रेयनामावलीवर ॲनी लेनॉक्स जे गाणं गाते, जहाज येऊन न्यायला उभं राहिल्याचं, त्यामागे हा मुलगा आहे. त्याचे दोन लघुपट त्यांनी या डिस्कवर पूर्ण ठेवले आहेत. 11 ऑस्करवाल्या चित्रपटाच्या खोक्यात एका शाळकरी पोराचं काम. आम्ही ते पाहिलं आणि त्या रात्री जेवताना कुणी फार बोललं नाही. ते गाणं मी चित्रगृहात ऐकलेलं नव्हतं, आणि शेवटपर्यंत बसलेल्यांपैकीही किती जणांनी ऐकलं असेल? दिवे लागलेले असतात, दरवान दारं उघडतो. चित्रकार ॲलन लीने पेन्सिलने काढलेले सगळ्या नटांचे चेहरे एकामागून एक येत असतात आणि लोक आपली पिशवी शोधत असतात. घरात दिवे लावायला कुणी उठलं नाही.

टीव्हीच्या पीएएल पद्धतीच्या देशांत विकल्या गेलेल्या डिस्कवर हाच चित्रपट दहा मिनिटं आधी संपतो, हे मला नंतर कळलं. काही कापलेलं नसतं. सेकंदाला 24 चित्रं असलेली फिल्म तिथे 25 च्या वेगाने पळवतात, एवढंच. चार टक्के घाईचा निरोप. आपलाही देश त्याच पद्धतीचा, पण दादाची डिस्क अमेरिकेची असल्यामुळे आमच्या वाट्याला अख्खी 251 मिनिटं आली.

दोन दिवसांनी दादा निघाला. सुमो संध्याकाळी पाचला दारात आली, विमान मध्यरात्रीनंतरचं. आत्याने हातावर दही ठेवलं. देवाला नमस्कार, मग बाबांना वाकून नमस्कार, "येतो मामा." आईला, "मामी, येतो." गाडी वळणापर्यंत गेली आणि थांबली. स्वेटर राहिला होता. तो पळत आला, स्वेटर घेतला, पुन्हा सगळ्यांना येतो म्हणाला, आत्याने पुन्हा डोळे पुसले. पुन्हा गाडी वळणापर्यंत गेली. पुन्हा थांबली. मी त्याच्याकडे बघून ओरडलो, "आता काय, फोकस गेला?" तो खिडकीतून हसला. या खेपेला पासपोर्ट होता, म्हणजे होताच, दुसऱ्या खिशात. पण तो उतरला होता, त्यामुळे आत्याजवळ यावंच लागलं.

चित्रपटाचं शेवटचं वाक्य सॅमचं आहे. पुस्तकाचंही तेच. दाराशी उभा राहून तो एवढंच म्हणतो, "बरं, मी आलो." मग सगळे आत जातात, पिवळं गोल दार बंद होतं.

दादा गेल्यावर रात्री मी कॉम्प्युटर लावला तर ड्राइव्ह घुरघुरला. दुसरी डिस्क आतच होती. खोका तो परत घेऊन गेला होता, तीन डिस्कसकट, आणि शेवटाची डिस्क आमच्याकडे राहिली. न्यू जर्सीला पोचल्याचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, पोस्टाने पाठवू का? तो म्हणाला, "राहू दे. आलो की नेतो."

तो त्यानंतर सात-आठदा येऊन गेला. आत्या आता नाही. तो कॉम्प्युटर भंगारात गेला, माझ्या आत्ताच्या लॅपटॉपला डिस्क घालायला खाचच नाही. डिस्क देवघराशेजारच्या कपाटात, लाइटबिलांच्या पाकिटात आहे. गेल्या दिवाळीत तो एका पायात बूट घालून दारात उभा असताना मी आठवण केली. तो म्हणाला, "अरे हो," आणि दुसरा बूट हातात धरून त्याने मुलीच्या कॉलेजचा विषय काढला.